संतांचं रोजच्या जगण्यात करायचं काय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची वसईची, लग्न होऊन बाणावलीला आले त्याला आता १७ वर्षं झाली. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रातच. घरी मी, सासूबाई आणि दोन पोरं. वसईचे नातेवाईक गोवा बघायला आले की उतरतात आमच्याकडे, आणि कामावरच्या मैत्रिणी डिचोली-फोंड्याकडच्या, बहुतेक हिंदू. दोन्हीकडून तेच तेच प्रश्न येतात, मग म्हटलं एकदाच लिहून टाकावं. मी सिस्टर नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, रविवारी पोरांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते तेवढंच. त्यामुळे जिथे माझं मत आहे तिथे ते माझंच आहे, चर्चचं म्हणून पुढे पाठवू नका.

तुम्ही लोक संतांची पूजा करता ना?

नाही हो. आराधना फक्त देवाची. संतांना आम्ही म्हणतो "आम्हांसाठी विनंती कर", बस. शेजारची काकू पंढरपूरला निघाली की आपण सांगतोच ना, माझ्यासाठीपण हात जोडा, तसं समजा. आता प्रत्यक्षात आमच्याकडेही लोक मेणबत्ती लावून सौदा करतात, हे झालं तर ते देईन वगैरे, खोटं कशाला बोलू, थोरल्याच्या दहावीच्या रिझल्टला मीही केलाय. पण मला विचाराल तर संतांकडे मागत बसण्यापेक्षा अडचणीच्या दिवशी त्यांनी काय केलं ते बघावं. चमत्कार सगळेच सांगतात. दोन चमत्कारांच्या मधल्या कंटाळवाण्या वर्षांत हे लोक काय करत होते ते कोणी विचारतच नाही, आणि माझ्या उपयोगाला आजवर तेच आलंय.

संत ठरवतं कोण? फादर आग्नेल संत झालेत का?

रोम ठरवतं. आधी सर्व्हंट ऑफ गॉड, मग व्हेनरेबल, मग ब्लेसेड, मग संत, आणि सहसा शेवटच्या दोन पायऱ्यांना एकेक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. फादर आग्नेल गोव्यातल्या हणजूणचे धर्मगुरू, जन्म १८६९ चा, राशोलच्या सेमिनरीत प्रवचन करता करताच कोसळले आणि २० नोव्हेंबर १९२७ ला गेले. १९८६ ला व्हेनरेबल झाले, अजून त्याच पायरीवर आहेत. पिलारला त्यांच्या कबरीपाशी जाणारी माणसं मात्र रोमसाठी थांबलेली नाहीत.

जुन्या गोव्यात एक शव बघायला एवढी गर्दी कशाला? त्यातून शिकायचं काय?

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन होतं, दहा वर्षांनी एकदा येतं ते, आणि त्या दीड महिन्यात आमच्या घरी मिळून १४ पाहुणे झाले. तीन तास रांगेत, समोर दहा सेकंद. आमचे एक काका बाहेर येऊन म्हणाले, अरे एवढंसंच दिसलं. उजवा हात कुठंय म्हणून विचारत होते, तो रोमला, १६१४ पासून.

शव राहू द्या, माणूस बघा. संत फ्रान्सिस झेवियर स्पेनच्या नवारामधल्या सरदार घराण्यातले, पॅरिसला शिकले, तिथेच शिकवलंही, आणि ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले. उतरून केलं काय, तर हॉस्पिटलात रोग्यांपाशी बसायचं, तुरुंगात कैद्यांना भेटायचं, आणि हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीतून वाजवत पोरं गोळा करायची. पॅरिसचा प्रोफेसर हो, घंटा वाजवत फिरतोय! संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पों पों करत आला आणि वाड्यावरची पोरं पावासाठी धावली की मला हटकून तेच आठवतं.

आणि एक गोष्ट मला फार आवडते, ती मी प्रत्येक पाहुण्याला सांगते त्याला हवी असो नसो. युरोपातल्या मित्रांची पत्रं यायला तेव्हा वर्षं-वर्षं लागायची, तर ती आली की झेवियर त्यातल्या मित्रांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या सह्या कापून घ्यायचे आणि गळ्यात बाळगायचे. एवढा मोठा संत, पण माणसांची आठवण यायची त्यांना, आणि ते लपवत नव्हते.

शेवट तर सगळा वाट बघण्यातच गेला. चीनला जायचं होतं. कँटनच्या समोर शांगच्वान नावाचं बेट, तिथे येऊन थांबले, एका व्यापाऱ्यानं चोरून पलीकडे न्यायचं कबूल केलेलं, तो आलाच नाही. ३ डिसेंबर १५५२ ला तापानं तिथेच गेले, वय ४६, चीन समोर दिसतोय आणि पाय लागला नाही. त्यांच्या वरिष्ठांनी, म्हणजे संत इग्नेशियसनी, युरोपला परत या म्हणून पत्र लिहिलं ते १५५३ च्या जूनमध्ये, म्हणजे ते जाऊन सहा महिने झाल्यावर. माहीतच नव्हतं बिचाऱ्यांना. माझा नवरा बोटीवर असतो, चार-चार दिवस एकच टिक येते तेव्हा जीव कसा होतो ते तारवट्यांच्या घरात विचारा. त्या दिवसांत मला ते शव नाही आठवत, ते बेट आठवतं. ज्या माणसाचं शेवटचं काम झालंच नाही त्याला आम्ही गोंयचो सायब, म्हणजे गोव्याचा धनी, म्हणतो.

पण इन्क्विझिशनचं काय? ते सोयीनं विसरता का?

नाही विसरत. इन्क्विझिशन म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय. १५४६ च्या एका पत्रात झेवियरनीच पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की इकडे इन्क्विझिशन हवी. ती आली १५६० ला, ते गेल्यावर आठ वर्षांनी, आणि कायमची बंद झाली १८१२ ला. माझ्या एका मैत्रिणीचं कुलदैवत मंगेशी, ते मूळचं आमच्या इकडच्या कुठ्ठाळीचं, १५६० च्या सुमारास नदीपलीकडे न्यावं लागलं. तिच्यासमोर बसून "त्या काळी तसंच होतं" एवढं म्हणून मी हात झटकू शकत नाही, आणि तीही माझ्यासमोर घंटेची गोष्ट खोटी म्हणत नाही. कॅटेकिझमच्या मोठ्या पोरांना मी दोन्ही सांगते. एकदा एका मुलीनं विचारलं, मग टीचर ते चांगले की वाईट? मी म्हटलं पत्र वाईट, घंटा चांगली. याच्यापेक्षा बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

बाणावलीचे संत जोसेफ वाझ कोण? त्यांच्याकडून काय घ्यायचं?

माझ्या सासरचे, त्यामुळे इथे मी जरा पार्शल आहे. जन्म २१ एप्रिल १६५१, बाणावलीचाच. श्रीलंकेत डच लोकांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, तिथे १६८७ ला हे मजुराच्या वेशात घुसले. उतरल्या उतरल्या हगवणीनं मरायला टेकले. बरे झाल्यावर प्रश्न असा की कॅथलिक घरं कुठली ते ओळखायचं कसं, विचारायची तर सोय नाही. मग गळ्यात रोझरी घातली आणि भीक मागत दारोदार फिरले, माळ बघून कोणाचा चेहरा बदलतो ते बघत. मला हे इतकं आवडतं, ना भाषण ना बोर्ड, फक्त गळ्यात माळ आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष.

पुढे कँडीला राजानं पोर्तुगीज हेर समजून तुरुंगात टाकलं, तर तिथे बसून सिंहली शिकले. १६९७ ला देवीची साथ आली, लोक आपल्याच माणसांना रानात सोडून पळत होते, तेव्हा त्या रोग्यांना निवारा करून अंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं यांनी केलं. १६ जानेवारी १७११ ला तिथेच गेले, गोव्याला परत आलेच नाहीत. १९९५ ला ब्लेसेड, आणि १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिसनी कोलंबोत संत जाहीर केलं, दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून.

कँडीत दुष्काळ असताना वाझांच्या प्रार्थनेनं पाऊस पडला असं म्हणतात, लोक त्या चमत्काराबद्दलच विचारतात. मला कोविड आठवतो. आमच्या वाड्यावर एक घर पूर्ण आजारी होतं, आणि रोज त्यांच्या गेटला डबा अडकवून जाणारी बाई चर्चला फारशी न जाणारी होती. आम्ही जाणाऱ्या सगळ्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकत होतो, मीसुद्धा.

घर, नोकरी, पोरं, प्रार्थनेला वेळच मिळत नाही. काय करू?

ब्रदर लॉरेन्स. हे संत म्हणून जाहीर झालेले नाहीत, तरी माझ्या घरात त्यांचा नंबर वरचा. १७ व्या शतकातले, आधी फ्रान्समध्ये सैनिक, मग पॅरिसच्या कार्मेलाईट मठात साधे ब्रदर, पाय अधू, आणि काम दिलं ते स्वयंपाकघरातलं, जे त्यांना मनापासून आवडायचं नाही. तिथे वर्षानुवर्षं भांडी-कढया करत त्यांनी एवढंच शिकून घेतलं की देवाशी बोलायला वेगळी खोली लागत नाही, आम्लेट उलटतानाही ते देवासाठी उलटायचं. पुढे स्वयंपाकघरातून सुटका झाली ती चपला दुरुस्त करायला. १६९१ ला गेले.

मी ट्राय केलं. बांगडे साफ करताना, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला, स्कूटर रेल्वे फाटकापाशी अडकली की. अर्ध्या वेळा विसरते, अर्ध्या वेळा प्रार्थना सुरू करते आणि शेवटी गॅस संपत आलाय इथे पोचते. सासूबाई रोज तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणतात त्यात एक डोळा सिरियलवर असतो, आधी मला हसू यायचं, आता नाही येत.

एक माणूस डोक्यातच जातो. संतांना असे लोक भेटत नव्हते का?

भेटत होते, मठात तर जास्तच! तिथून घरी जाता येत नाही. लिझ्यूची संत तेरेजा, जिला आपण छोटी तेरेजा म्हणतो, १५ व्या वर्षी मठात गेली, २४ व्या वर्षी १८९७ ला टीबीनं गेली. तिनं स्वतः लिहून ठेवलंय की प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सारखा कसलातरी बारीक आवाज करायची आणि हिला इतकं असह्य व्हायचं की घाम फुटायचा. धुण्याच्या जागी समोरची सिस्टर घाण पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडवायची. आणि एक सिस्टर तर हिला अजिबात आवडायची नाही, तर हिनं ठरवलं की तिच्याशीच सगळ्यात गोड वागायचं, इतकं की शेवटी त्या सिस्टरनंच विचारलं, तुला माझ्यात एवढं काय आवडतं गं?

मी हे एका कलीगवर करून बघितलं. पहिले दोन आठवडे चेहरा दुखला. मग तिच्या घरचं थोडं कळलं. ती अजूनही डोक्यात जाते पण आता मला कारण माहीत आहे, आणि त्यानं फरक पडतो, खरंच पडतो.

गंमत बघा, १९२७ ला पोपनी या तेरेजाला झेवियरच्या बरोबरीनं मिशनांची पॅट्रन केलं. एकानं बोटीनं अर्धी दुनिया पालथी घातली, दुसरी मठात गेली ती बाहेर पडलीच नाही. घरात बसून आम्ही काय मोठं करणार असं कोणी म्हटलं की मी या दोघांना एकत्र पुढे करते.

मुलगा चर्चला यायला तयार नाही. ओरडू की सोडून देऊ?

हा प्रश्न आता माझ्याही घरचा आहे, थोरला १६ चा.

संत मोनिका आणि तिचा मुलगा ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतले, चौथ्या शतकातले. मुलगा हुशार, पण आईच्या श्रद्धेपासून लांब गेलेला, लग्न न करता संसार, वेगळ्याच पंथात रमलेला. ही रडायची, प्रार्थना करायची आणि मागेही लागायची. तो कंटाळून कार्थेजच्या बंदरावर आईशी खोटं बोलला आणि रात्रीच बोटीत बसून इटलीला पळाला! तर ही इटलीत पोचली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो एक बिशप, ज्याला ती सारखी सांगत होती की तुम्ही माझ्या मुलाला समजवा. त्यानं सांगितलं, आत्ता त्याला सोड, तो वाचत वाचत स्वतःच येईल, तू प्रार्थना कर. तरी ही ऐकेना, तेव्हा जरा वैतागूनच म्हणाला, जा आता, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जायचा नाही. ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीननं बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी मोनिका गेली.

जुन्या गोव्यात टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचा पडका मनोरा आहे ना, ४६ मीटरचा, चर्चचं छत १८४२ ला कोसळलं आणि आता तो एकटा उभा आहे, त्याच्या समोरच सांता मोनिका कॉन्व्हेंट. मुलगा पडझडीत, आई समोर, रस्त्याच्या पलीकडून बघत बसलेली. थोरल्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले एकदा, काही बोलले नाही. त्यानं मनोऱ्याचे फोटो काढले, रील टाकलं, खाली चहा प्यायलो आणि घरी आलो. रविवारी तो अजूनही येत नाही. मी रविवार सकाळचं ओरडणं बंद केलंय, एवढी प्रगती.

प्रार्थना करताना काहीच वाटत नाही. माझी श्रद्धा गेली का?

मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ ला प्रसिद्ध झाली तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. कितीतरी दशकं त्यांना आतून देवाची जवळीक जाणवतच नव्हती, सगळा अंधार, आणि बाहेर त्या कोलकात्यात रोज पहाटे उठून प्रार्थना, मग गटारीकडेची माणसं उचलणं. काही लोक म्हणाले म्हणजे ढोंगच की. मला नाही वाटत. वाटत असताना कोणीही करेल. पप्पा गेले त्या वर्षी मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन नुसती बसायची, तोंडातून एक शब्द फुटायचा नाही. तेव्हा कन्फेशनला एका म्हाताऱ्या फादरनी एवढंच विचारलं, येऊन बसतेस ना? मग बस.

पण हेही सांगते, झोप नाही, भूक नाही, रोज रडू येतंय असं महिनाभर चाललं तर ते संतांवर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा.

हरवलेली वस्तू सांत आंतोन खरंच शोधून देतो?

माझी स्कूटरची चावी तीनदा दिलीय. एकदा फ्रीजमध्ये होती. (संत अंतोनी, लिस्बनचे, १३ जूनला फेस्त, म्हणजे सण. म्हणतात की त्यांचं स्तोत्रांचं पुस्तक एकानं पळवलेलं ते प्रार्थनेनंतर परत आलं, तिथून हे सुरू झालं.)

रोज पाच मिनिटांत करता येईल असं काही सांगा.

संत इग्नेशियसचं एक्झामेन. हे स्वतः सैनिक, १५२१ ला पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, अंथरुणावर पडून वाचायला संतांची चरित्रं मिळाली आणि आयुष्य फिरलं. झोपायच्या आधी दिवस उलटा आठवायचा: कशाबद्दल थँक्यू, कुठे चुकलं, कुठे मन हलकं झालं, कुठे जड झालं, उद्या कोणाकडे काय मागायचंय. माफी मागायची ती मागून झोपायचं, स्वतःला झोडपत बसायचं नाही. मी मोबाईल चार्जिंगला लावते तेव्हा करते, मोबाईल हातात असेल तर होतच नाही.

आम्ही हिंदू, मग हे आम्हाला चालतं का?

गोव्यात हा प्रश्न मलाच विचारताय? म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तुम्ही शिरगावच्या लईराईची बहीण मानता, फेस्ताला तेल घेऊन रांगेत तुम्हीच पुढे असता. पण मिस्साच्या वेळी आलात तर कोमुन्यांव, म्हणजे आशीर्वादित भाकर, घ्यायला रांगेत येऊ नका, ते आमच्यात बाप्तिस्मा आणि तयारी झालेल्यांसाठीच असतं. बाकी बसा, मेणबत्ती लावा, कोणी काही म्हणत नाही.

मराठीत याबद्दल जुनं काही आहे का?

आहे तर! फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमधले जेझुइट, म्हणजे संत इग्नेशियसच्या संघातले धर्मगुरू, १५७९ ला गोव्यात आले, आणि ख्रिस्ताची सगळी कथा मराठीत ओव्यांमध्ये लिहिली, ख्रिस्तपुराण, राशोलला १६१६ ला छापलं, तेही रोमन लिपीत. ज्ञानेश्वरी ऐकून कान तयार झालेल्यांसाठी ओवीच पाहिजे हे त्या परदेशी माणसाला कळलं. मोठ्यानं वाचा, मनात वाचू नका, मजा जाते.

आणि वसईचा आपला कोणीच नाही का यात?

वाटच बघत होते, माझी मावशी हे विचारल्याशिवाय राहत नाही. संत गोन्सालो गार्सिया, जन्म १५५६, वसई, भारतात जन्मलेला पहिला संत. जपानमध्ये व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, धर्मगुरू नव्हे, साधा ब्रदर. जपानी बोलता यायचं म्हणून दुभाष्याचं काम त्याच्याकडे. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी २५ जणांबरोबर क्रुसावर मारलं. १८६२ ला संत. मावशीला मी सांगते, दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला नीट पोचवायचं हे त्याचं काम, आपल्या फॅमिली ग्रुपला त्याची फार गरज आहे.

झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला आलो तर तुमच्याकडे राहता येईल का?

या. पण २ तारखेला संध्याकाळपर्यंत पोचा, ३ ला पहाटे निघायला लागतं नाहीतर गाडी लांब लावून चालत जावं लागतं. नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते, गर्दी नको असेल तर तेव्हाच या. चादरी आहेत, उशा कमी पडतात, आपली आणा. आणि सासूबाईंसाठी वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी.